गाडीची खांदमळणी

वहिनी,

एकाच घरात राहणाऱ्या माणसाला पत्र लिहिण्याचा प्रसंग सहसा येत नाही, आणि बोलण्याचे प्रसंग आले तेव्हा मी बहुधा ऐकत बसलो. त्यामुळे तुम्हाला उद्देशून चार वाक्ये जुळवताना हात अडखळतो आहे. वर्गात पदार्थविज्ञान शिकवणे निराळे; तेथे शब्द पुस्तकातून आयते मिळतात. हे माझे पहिलेच लेखन समजा, आणि ते या वयातले. तुम्ही मला ज्या ज्या गोष्टी शिकवल्यात, त्या सगळ्या मी उशिराच शिकलो.

तुमची तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी परतले. त्यानंतर एका सकाळी चहा घेताना दादा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "अकोल्याचा तो मानूस अजून गाडी मागून राहिला. रविवारी येते म्हनते. नेऊ दे त्याले."

मी कप खाली ठेवला. तो माणूस जुन्या गाड्या तोडून सुटे भाग विकतो, हे दादांना माहीत आहे. मी इतकेच म्हणालो, "चालू होते का, ते तरी पाहू द्या."

"पाहजो," दादा म्हणाले आणि कोर्टात जाण्यासाठी उठले. त्या दिवशी कोर्टाला सुट्टी होती. ते दारापर्यंत गेले, कोट काढला आणि परत येऊन बसले.

त्या गाडीला आपल्या घरात कोणी तिच्या विलायती नावाने ओळखले नाही. अकोल्यातल्या एका कापूस कंपनीचा साहेब मायदेशी निघाला, तेव्हा दादांनी ती हौसेने घेतली. हिरवी, बिनछताची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, आणि दोनच माणसे बसतील अशी. अंगणात ती प्रथम उभी राहिली तेव्हा तुम्ही पदर खोचून तिच्याभोवती एक फेरी मारलीत आणि विचारलेत, "अवो, ह्याच्यात मानूस बसवाव का नुसतं दप्तर ठेवाव?" दादांचा उत्साह मात्र मोठा होता. त्या उत्साहाच्या भरातच त्यांनी तुम्हाला बडनेऱ्याच्या रस्त्यावर गाडी शिकवली आणि परवानाही काढून दिला. पुढे हौस सरली. परवाना तुमच्या कुंकवाच्या डब्याशेजारी राहिला.

हौस सरण्याचे कारण गाडीच्या नाकात होते. तिला एकाऐवजी दोन कार्बोरेटर होते, आणि घरामागच्या कापूस पिंजणाऱ्या जिनातून हिवाळाभर उडणारी रुई थेट त्यांत शिरे. ट्रकांची कामे करणारे मिस्त्री झाकण उघडत, आत पाहत आणि झाकण लावून टाकत. शेवटी गाडीवर ताडपत्री पडली. एका दुपारी ती ताडपत्री दुमडून तुम्ही मला हाक मारलीत. गाडीच्या कप्प्यात सापडलेले इंग्रजी पुस्तक तुमच्या हातात होते.

"भाऊजी, हे वाचून दाखवा मले. काम मी करीन. हात माहे, डोळे तुमचे."

तुमच्या वडिलांच्या अंजनगावच्या मळ्यात तेलावर चालणारे इंजिन होते आणि लहानपणी तुम्ही त्याच्या आवाजावर झोपत असा, हे मला त्याच दुपारी कळले. इतकी वर्षे एका घरात राहून मी ते कधी विचारले नव्हते.

मी वाचत गेलो. प्रत्येक कार्बोरेटरवर एक लहान घुमटी, तिच्या आत एक दट्ट्या. इंजिन जितकी हवा घेईल तितका तो दट्ट्या वर उचलला जातो, आणि तो जितका उचलला जाईल तितकेच पेट्रोल खालून सुटते. थोडक्यात, आत किती हवा आली हे गाडीला कळते ते त्या दट्ट्यावरून. म्हणून तो स्वच्छ हवा. घुमटीत कोठेही न अडकता वर गेला पाहिजे आणि सोडताच खाली आला पाहिजे. तुम्ही ऐकून घेतलेत आणि म्हणालात, "म्हंजे उखळ-मुसळच हाये. फक्त मुसळ हवेनं उचलते."

येथवर सारे ठीक होते. पुढे मी पुस्तक सोडून बोललो. इंजिन हवा ओढते असे आपण म्हणतो, पण शास्त्राप्रमाणे ओढणे असे काही नसते. आत जागा रिकामी होते आणि बाहेरची हवा आपल्या दाबाने आत घुसते. रिकामी जागा काहीही ओढत नाही, बाहेरचे ढकलते, असे मी सांगितले. तुम्ही हातातले फडके बाजूला ठेवलेत.

"मंग लेकरू दूध पेते, तवा काय माय बाहेरून ढकलते?"

मी पुस्तकाची पाने चाळू लागलो. तुम्ही हसून पुन्हा फडके उचललेत. त्या दिवशी सुरू झालेला तो वाद आपण कितीतरी वर्षे चालवला, हे दादांनाही ठाऊक नसेल.

दोन्ही दट्टे दिसायला सारखेच, पण प्रत्येक आपल्याच घुमटीत बसतो, अदलाबदल झाली तर गाडी बिघडते, असे पुस्तकात ठळक छापले होते. तुम्ही स्वयंपाकघरातून दोन ताटे आणलीत. उजव्याचे भाग पितळेच्या ताटात, डाव्याचे ॲल्युमिनियमच्या, म्हणजे आपल्या जर्मनच्या ताटात. पेट्रोलमध्ये भिजवलेल्या जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने तुम्ही एकेक भाग पुसलात. चिकटलेले निघेना तेव्हा तुम्ही चुलीतली राख आणायला उठलात, आणि मी अगदी हळू आवाजात म्हणालो, ओरखडा पडेल, मग हवा निसटेल. तुम्ही लगेच खाली बसलात. माझे म्हणणे कोणी इतक्या सहज ऐकावे याची मला सवय नव्हती. शेवटी घुमटी बसवून दट्ट्या बोटाने उचलला आणि सोडला. आतून 'टक्' असा स्वच्छ आवाज आला. तुम्ही तो पुन्हा पुन्हा ऐकलात, लहान मुलाने खुळखुळा ऐकावा तसा.

दोन्ही नाकांनी सारखी हवा घेतली पाहिजे, हे त्यानंतरचे काम. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून टाकून दिलेली रबरी नळी मी आणली. तिचे एक टोक कानाशी, दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचे आणि दोन्हींचा फुत्कार सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. तुम्ही ऐकून पाहिलेत आणि नळी माझ्याकडे दिलीत.

"हे तुमचं काम. आमाले बोलाची सवय, ऐकाची नाही."

मग मी ऐकू लागलो आणि तुम्ही स्क्रू फिरवू लागलात. इंजिनाच्या आवाजात ओरडून सांगणे मला जमेना, म्हणून मी बोट वर केले की उजवीकडे, खाली केले की डावीकडे, मूठ मिटली की पुरे, असे ठरले. माझ्या न बोलण्याला जगात कोठे जागा असेल असे मला वाटले नव्हते. ती त्या अंगणात निघाली.

गाडी चालू लागली आणि दादा पुन्हा तिच्यातून हिंडू लागले. त्याच वर्षीच्या पोळ्याची गोष्ट आज आठवून मला हसू येते. आदल्या संध्याकाळी तुमच्या माहेरी बैलांची खांदमळणी होई. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेले खांदे हळद-तेलाने मळत, आणि मग बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आमंत्रण देत. आपल्या घरी बैल नव्हते. तुम्ही हळद कालवलीत, वाटीत घरचे जवसाचे तेल घेतलेत आणि गाडीपुढे जाऊन बसलात. बॉनेटच्या दोन्ही बाजू मळल्यात. मग घुमट्यांच्या टोप्या काढून त्यांतही तेल सोडलेत. तेथे थोडे तेल घालायचे असते, हे मीच तुम्हाला वाचून दाखवले होते. दट्ट्यांनाही तेलाचा हात फिरला. शेवटी बॉनेटवर हात ठेवून तुम्ही म्हणालात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

दादा ओसरीवरून म्हणाले, "अवं, बैल समजून राहिली काय तिले?"

"मंग काय वकिलाले मळू? त्याइचे खांदे कुठं भरून आले?"

दुसऱ्या दिवशी गाडीपुढे पुरणपोळीचे ताट ठेवले गेले. ते मी खाल्ले.

पुढे पावसाची झड लागली आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली. दसऱ्याला झेंडूची माळ घालून दादा तिला सोने वाटायला घेऊन निघाले, तेव्हा ती राजापेठेपर्यंत कशीबशी गेली आणि भर चौकात आचके देऊन बंद पडली. ओळखीच्या माणसांनी ढकलत घरी आणली. गर्दीतून कोणीतरी म्हणाले, "वकीलसाहेब, बैल जुपा." दादांनी ते ऐकले. त्यांचे पक्षकारही त्या गर्दीत होते.

"पुरे झालं," दादा घरात येताच म्हणाले. "अकोल्याच्या त्या मानसाले कळवतो. तोडून इक म्हना."

तुम्ही आपट्याची पाने देवापुढे ठेवलीत आणि मगच बोललात. "भाऊबीजेपर्यंत थांबा. मी तिच्यातच जाईन अकोल्याले भावाकडं. रस्त्यात बसली, तं तिथंच त्याले देऊन टाकीन."

"आनि मी?"

"तुमी घरी बसा. दोनच जागा हायेत. एक माही, एक भाऊजीची. गाडी रुसली, तं तुमी काय कराल? तिच्यावर दावा लावाल?"

माझी संमती कोणी विचारली नाही. विचारली असती तर मी नकार दिला असता, आणि आयुष्यातला एक मोठा दिवस हुकला असता.

दुसऱ्याच दिवशी आपण घुमट्या उघडल्या. उजवा दट्ट्या निघेना. बऱ्याच खटपटीने निघाला तेव्हा त्याच्यावर तपकिरी, चकचकीत थर होता, लाकडी खुर्चीवर वार्निश असावे तसा. मी पुस्तकातले दोषांचे पान शोधू लागलो. तुम्ही तो थर नखाने खरवडलात, हुंगलात आणि हसू आवरेना म्हणून जमिनीवरच बसलात.

"भाऊजी, हे जवस होय. माह्याच हातचं."

जवसाचे तेल हवेत वाळते, म्हणूनच रंगारी ते वापरतात, हे मला माहीत होते. पण खांदमळणीच्या वाटीशी त्याचा संबंध माझ्या डोक्यात आला नव्हता. तुम्ही उठलात आणि अंगणातूनच दादांना मोठ्याने सांगितलेत, "ऐकलं का, गाडीचा गुन्हा नाही. गुन्हा माहा हाये, अन् गाडी निर्दोष सोडा." खिडकीत दादा दिसले. "म्हंजे मी तिले फुकटच शिव्या देल्ल्या," असे म्हणून ते आत गेले. मात्र भाऊबीजेची अट त्यांनी सोडली नाही.

दिवाळीपर्यंत तो थर आपण काढत होतो. पेट्रोलमध्ये भिजवायचे, बांबूच्या कामटीने हळूच सोडवायचे, फडक्याने पुसायचे. पितळेचे ताट, जर्मनचे ताट. या खेपेला घुमटीत शिलाई मशीनचे पातळ तेल पडले, तेही पुस्तकात सांगितले तेवढेच. पुन्हा 'टक्' ऐकू आले तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलेत.

भाऊबीजेच्या सकाळी तुम्ही डोक्याला रुमाल बांधून स्टिअरिंगच्या चाकाशी बसलात. मी मांडीवर नळी आणि पेचकस घेऊन शेजारी. बडनेऱ्याच्या पुढे कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. गाडीवान मान वळवून पाहत, आणि एका म्हाताऱ्याने बैल थांबवून तुम्हाला वाट दिली. मूर्तिजापुरात चहाच्या दुकानातली माणसे बाहेर आली. "बाईच चालवून राहिली," कोणीतरी म्हणाले. "चालवून राहिली ना? ढकलून नाही राहिली," तुम्ही उत्तर दिलेत आणि मला म्हणालात, "पाहा, हे बी ढकलत नाही. ओढूनच राहिली हवा." मी दाबाबद्दल बोलू लागलो. वाऱ्यात माझे शब्द मलाही ऐकू आले नाहीत.

अकोल्यात तुम्ही थेट भावाकडे गेला नाहीत. आधी त्या दुकानासमोर गाडी उभी केलीत आणि भोंगा वाजवलात. तो माणूस हात पुसत बाहेर आला. "नीट पाहून घ्या," तुम्ही त्याला म्हणालात. "हे तुमच्याकडं येनार नाही आता." इतके सांगून तुम्ही निघालात. मी मागे वळून त्याला नमस्कार केला, कारण दुसरे काय करावे ते मला सुचले नाही.

परतताना, गाव मागे पडल्यावर, तुम्ही गाडी कडेला घेतलीत आणि खाली उतरलात. "सरका इकडं," म्हणालात. मी म्हणालो, मला येत नाही. "मले तरी कुठं येत होतं?" चाळिशी ओलांडलेला, सायकलवरसुद्धा उतारावर उतरून चालणारा मी, त्या दिवशी तुमच्या सांगण्यावरून गिअर बदलायला शिकलो. पहिला मैलभर तुम्ही ओरडत होतात. नंतर आवाज येईना म्हणून मी पाहिले, तर तुम्ही झोपला होतात. रुमाल डोळ्यांवर आला होता.

वहिनी, हे मी तुम्हाला कधी सांगितले नाही. माझ्या भरवशावर कोणी शांत झोपावे, असे त्यापूर्वी कधी घडले नव्हते. बोरगावच्या पुढे रस्ता खराब होता, तुम्हाला जाग येऊ नये म्हणून मी इतका सावकाश गेलो की कापसाच्या रिकाम्या बैलगाडीनेही आपल्याला मागे टाकले. घरी पोचल्यावर दादांनी विचारले, "एवढा उशीर?" तुम्ही म्हणालात, "भाऊजीनं चालवली." गाडी राहिली.

तुमच्या आजारपणात ती पुन्हा ताडपत्रीखाली गेली. शेवटच्या आठवड्यात मी पलंगाशी बसलो असताना तुम्ही बऱ्याच वेळाने डोळे उघडलेत. बोलताना धाप लागत होती.

"भाऊजी, अजून बी ओढत नाही म्हनता का?"

मी हसण्याचा प्रयत्न केला.

"मले तं आता ओढावाच लागते श्वास. बाहेरून कोनी ढकलून नाही राहिलं."

उत्तर माझ्याजवळ होते. फुप्फुसांचे, दाबाचे, पुस्तकातले उत्तर. मी ते दिले नाही. तुमच्या हातावर हात ठेवावा असे वाटले, तेही केले नाही. पंख्याने वारा घालत राहिलो. माझ्याने होण्यासारखे तेवढेच ढकलणे होते.

शनिवारी सकाळी मी ताडपत्री काढली. पुस्तक लागले नाही, सगळे हातांना आठवत होते. उजवी घुमटी सोडवली आणि पितळेच्या ताटात मांडली. जर्मनचे ताट मात्र सापडेना. पाहुण्यांच्या गर्दीत स्वयंपाकघरातली भांडी इकडची तिकडे झाली आहेत. मी फळ्या पाहिल्या, कोनाडे पाहिले आणि हात हलवत अंगणात आलो. दुसऱ्या कुठल्याही ताटात ते भाग ठेवता आले असते, हे मला कळत होते. पण मी तसाच उभा राहिलो.

तेवढ्यात दादा ओसरीच्या पायऱ्या उतरून आले. त्यांच्या हातात ते ताट होते, कडेला पोचा आलेले.

"हेच पायजे ना तुले? डाव्याचं?"

इतकी वर्षे खिडकीतून ते काय पाहत होते, ते मला त्या क्षणी समजले. ते ताट त्यांनी कोठून शोधून आणले, किती वेळ शोधत होते, मी विचारले नाही. त्यांना मी हाक मारली नव्हती, कोणी जा म्हटले नव्हते. आपला वाद तुम्ही जिंकलात, वहिनी. हे मी वर्गात सांगू शकणार नाही, म्हणून येथे लिहून ठेवतो. रिकामी जागा ओढते.

दादांनी धोतराचा सोगा वर खोचला आणि दट्ट्या पुसायला घेतला. फार वेळ पुसत होते. तो बसवून त्यांनी बोटाने उचलला, सोडला, आणि 'टक्' ऐकून तसेच उभे राहिले. नंतर आपण होऊन म्हणाले, "पुन्हा कर." मी पुन्हा केले.

इंजिन चालू झाले, आधी खोकत, मग जरा बरे. मी नळी कानाशी धरली, दादांच्या हाती पेचकस दिला आणि सवयीने बोट वर केले. ते माझ्याकडे पाहत राहिले.

"बोट काय दाखवतं? बोल ना."

मग मी बोललो, इंजिनाच्या आवाजाच्या वर. "उजवीकडे, दादा. आणखी थोडे. जास्त झाले, मागे या. पुरे." माझा आवाज शेजारच्या अंगणात गेला असावा, कारण तेथले कोणीतरी कुंपणाशी येऊन उभे राहिले. दोन्ही नाकांचा सूर एक झाला. गाडी तशीच चालू ठेवून आम्ही दोघे बाजूला उभे राहिलो.

"उद्या तो अकोल्याचा येते," दादा म्हणाले. "चहा पाजू अन् वापस लावून देऊ."

मी मान हलवली. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "पोळा जवळच आला असंल ना?"

"श्रावणातल्या अमावास्येला."

"आदल्या दिवशी ती काय म्हने तिले? हात ठेवून?" त्यांनी बॉनेटकडे बोट केले. वकिलाला शब्द आठवत नव्हते, की आठवत असून उच्चारता येत नव्हते, ते मला सांगता येणार नाही.

पोळ्याला अजून अवकाश होता. हळद नव्हती, तेलाची वाटी नव्हती. तरी मी गरम बॉनेटवर तळवा ठेवला आणि दादांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो,

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."